ओळखपत्र दाखवा, पुन्हा दाखवा!

हिशेबतपासणी हा विषय आम्हा बी. कॉम.च्या विद्यार्थ्यांना रुक्ष वाटतो, आणि तो शिकविणाऱ्या सरांनाही तो तसाच वाटत असावा अशी आमची जुनी शंका आहे. परंतु त्या विषयातले एक प्रकरण मला मनापासून आवडले. ते म्हणजे ‘इंटर्नल चेक’चे. मराठीत त्याला अंतर्गत तपासणी म्हणू या. संस्थेतली कामे माणसांमाणसांत अशी वाटून द्यावीत की एकाचे काम दुसऱ्याच्या कामातून आपोआप तपासले जावे, पण तेच काम दोघांनी दोनदा करू नये, असे त्याचे थोडक्यात सार आहे. हे शेवटचे वाक्य पुस्तकात ठळक छापलेले असते आणि परीक्षेत लिहायचे हमखास विसरते.

आपल्या गल्लीतली पतसंस्थाच घ्या. रोखपाल पैसे घेतो आणि पावती फाडतो. दुसरा त्या पावतीवरून खतावणीत नोंद करतो. संध्याकाळी रोख शिल्लक आणि खतावणी जुळते का ते तिसरा पाहतो. तिघांची कामे निराळी, म्हणूनच एकाची चूक दुसऱ्याकडे उघडी पडते. आता याऐवजी त्या तिघांना एका बाकावर बसवून तीच नोटांची चळत तिघांकडून मोजून घेतली तर? वरवर पाहता सुरक्षितता तिप्पट झाली. प्रत्यक्षात पहिला म्हणेल, पुढे दोघे मोजणारच आहेत. तिसरा म्हणेल, मागे दोघांनी मोजलेच आहे. आणि मधला बिचारा दोन्ही बाजूंनी निश्चिंत!

या प्रकरणावर मी दोन वेळा दहा-दहा गुणांचे उत्तर लिहिले आहे. पण ते खऱ्या अर्थाने उमगले ते वर्गात नव्हे, विमानतळावर.

बेळगावकरांना विमानाचे अप्रूप तसे जुने. १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, ब्रिटिशांच्या हवाई दलाने सांबऱ्याला विमानतळ बांधला. नवी ऐसपैस इमारत झाली ती सप्टेंबर २०१७ मध्ये. तरीही आपल्यापैकी पुष्कळांचा विमानाशी संबंध बागलकोट रस्त्यावरून जाताना मान वर करण्यापुरताच आहे, म्हणून आत काय घडते ते आधी सांगते.

इमारतीच्या दारातच गणवेशातला पहारेकरी तिकीट आणि फोटो असलेले ओळखपत्र मागतो. तिकिटावरचे नाव, ओळखपत्रावरचे नाव आणि तुमचा चेहरा ही तीन एकाच माणसाची आहेत की नाहीत, हे त्याला पाहायचे असते. आत गेल्यावर विमान कंपनीच्या खिडकीशी पुन्हा तेच, कारण सामान द्यायचे असते आणि बोर्डिंग पास घ्यायचा असतो. मग झडतीच्या दालनाच्या तोंडाशी तिसऱ्यांदा पास आणि ओळखपत्र. झडती घेऊन झाली की पासावर शिक्का बसतो. मग विमानाकडे जाण्याच्या फाटकावर कंपनीची माणसे पुन्हा पास पाहतात आणि पुष्कळदा पुन्हा ओळखपत्रही. त्यानंतर शिडीपाशी पासाचा उरलेला तुकडा आणि त्यावरचा शिक्का पाहणारा आणखी एकजण उभा असतो. विमानाच्या दारातली बाई तोच तुकडा हातात घेऊन हसते, पण ती आसन दाखविण्यासाठी पाहते, तिला मी या यादीत धरीत नाही. सगळीकडे सारखेच असते असे नाही. कुठे एक टप्पा कमी, कुठे एक जास्त. पण सरासरी पाचसहा वेळा माणसाला ‘मी तो मीच’ हे सिद्ध करावे लागते. विमानात बसल्यावर आपण खरोखरच आपण आहोत याविषयी कोणाचीच हरकत उरत नाही!

गेल्या उन्हाळ्यात चुलतभावाच्या लग्नाला मी आजीला घेऊन विमानाने गेले. आजी ७६ वर्षांची. गुडघ्यांमुळे तिला रेल्वेचा रात्रभराचा प्रवास सोसत नाही. तिचे आधारकार्ड कापडी बटव्यात, बटवा कमरेला, आणि बटव्याला दोन गाठी. जाताना सांबऱ्याच्या दारात ‘गुर्तिन चीटी तोर्सी’ असे कानडीतून ऐकू आले तेव्हा आजी खुशीत होती. तिने गाठी सोडल्या, कार्ड दाखविले, गाठी मारल्या. पंधरा पावलांवर पुन्हा गाठी सोडल्या. तिसऱ्या खेपेस मात्र ती माझ्याकडे वळून म्हणाली, “आणि किती बारी दाखवायचं गं? मघाशी बघितलंय की त्येनं!” त्यानंतर मी ते कार्ड माझ्याजवळच ठेवून घेतले. तेही आजीला फारसे रुचले नाही. स्वतःचे कागद दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत, हे तिने उभ्या आयुष्यात पाळले होते.

खरा प्रसंग आला तो परतीच्या वाटेवर. विमानतळाचे नाव मुद्दाम देत नाही. मोठ्या शहरातला मोठा विमानतळ होता, एवढे पुरे. दारातून आत गेलो. खिडकीशी सामान दिले, पास घेतले. झडतीच्या दालनाशी तिसऱ्याने आजीचे कार्ड हातात धरले, पासाकडे पाहिले आणि म्हणाला, “नाम मैच नहीं करता.”

सीमाभागातल्या वाचकांना आता फोड करून सांगायला नकोच. आजीच्या नावात ‘त’ आहे. आपल्याकडच्या कानडी वळणाच्या इंग्रजीत ‘त’ लिहायचा तो ‘टी’ आणि ‘एच’ जोडून. मराठी वळणाच्या इंग्रजीत नुसता ‘टी’ पुरतो, ‘एच’ लावला की त्याचा ‘थ’ होतो. आधारकार्ड बेळगावचे, म्हणून त्यावर ‘एच’ आहे. तिकीट काकांनी पुण्याच्या सवयीने काढलेले, म्हणून त्यावर ‘एच’ नाही. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी हा ‘एच’ कुठल्या ना कुठल्या कागदावर येऊन बसलेला आहे आणि कुठल्या ना कुठल्या कागदावरून उठून गेलेला आहे.

त्या माणसाचे बोट ‘एच’वर होते. मी म्हणाले, “दारात हेच कार्ड दाखविले, खिडकीवर हेच दाखविले.” तो म्हणाला, “उन्होंने देखा होगा, मुझे अपना देखना है.” त्याच्या बाजूने हे बरोबरच होते. पण विचार करा, मग आधीच्या दोघांच्या पाहण्याला किंमत काय? ‘एच’ हा खरोखर धोका असेल तर तो दोन पहारे ओलांडून आत आलाच होता. आणि धोका नसेल तर तिसऱ्या पहाऱ्यावर तो कुठून उपजला?

विमान सुटायला पाऊण तास होता. आम्हाला बाजूला उभे केले. आजीला खुर्ची मिळाली ती मागितल्यावर. वरिष्ठांना बोलावणे गेले. दरम्यान मी पिशवीतून आजीचे मतदार ओळखपत्र काढले आणि पाहते तो त्यावर तिचे नाव तिसऱ्याच तऱ्हेने छापलेले! ते मी गुपचूप परत पिशवीत टाकले. त्या वीस मिनिटांत दुसरे काही करण्यासारखे नव्हते, म्हणून रांगेकडे पाहत बसले आणि वाणिज्य शाखेच्या सवयीप्रमाणे मोजू लागले. लागोपाठच्या वीस प्रवाशांपैकी अकरांच्या बाबतीत त्या माणसाने कार्डावरचा फोटो पाहून मग चेहऱ्याकडे मान वर केली. नऊजणांच्या वेळी मान खालीच होती. अक्षरे जुळली, की पुढे चला.

यात त्या माणसाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. सबंध पाळीभर उभे राहून, एकामागून एक येणाऱ्या कार्डांवर नजर टाकायची, आणि त्यातले जवळजवळ प्रत्येक कार्ड खरेच असणार हे ठाऊक असायचे. अशा कामात कोणाचेही डोळे बघतात पण पाहत नाहीत. परीक्षेच्या दालनात पर्यवेक्षक पहिला अर्धा तास किती दक्ष असतात आणि शेवटच्या अर्ध्या तासात किती, हे आपण जाणतोच. (प्राध्यापक वाचकांनी क्षमा करावी.)

शेवटी वरिष्ठ अधिकारी आले. वयस्क गृहस्थ होते. त्यांनी कार्ड घेतले, फोटो पाहिला, मग आजीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले, पुन्हा फोटो पाहिला, आणि “जाइए माताजी” म्हणून कार्ड तिच्या हातात दिले. आजीच्या हातात, माझ्या नव्हे. त्या साऱ्या दिवसात कागदावरून माणसाकडे पाहणारे, निदान आमच्या बाबतीत, ते पहिलेच गृहस्थ होते. आम्ही फाटकावर पोहोचलो तेव्हा शेवटच्या प्रवाशांची नावे पुकारली जात होती, आणि फाटकावरच्या मुलीने हात पुढे करून म्हटले, “आयडी प्लीज.”

आता या साऱ्या चौक्या निर्माण कशा झाल्या, हे न पाहता तक्रार करणे बरे नव्हे. १० सप्टेंबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सचे विमान दिल्लीहून पळवून लाहोरला नेण्यात आले. त्यानंतर पांडे समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये विमान सुरक्षेचा स्वतंत्र कक्ष निघाला. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ समुद्रावर बॉम्बस्फोटाने फुटले आणि ३२९ माणसे गेली. त्या धड्यानंतर, १ एप्रिल १९८७ पासून, हा कक्ष नागरी विमान सुरक्षा ब्यूरो म्हणून स्वतंत्र खाते झाला. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून निघालेले विमान कंदाहारला नेले गेले, आणि २००० सालापासून विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल येऊ लागले. आरंभ जयपूरपासून झाला. म्हणजे आजच्या प्रत्येक चौकीमागे कधीतरी सांडलेले रक्त आहे. हे मी विसरत नाही.

पण या घटना नीट वाचल्या तर काय दिसते? कनिष्कमध्ये बॉम्ब होता तो एका बॅगेत. ती बॅग व्हँकूव्हरला एका माणसाने पुढच्या विमानासाठी म्हणून दिली आणि तो स्वतः विमानात बसलाच नाही. बॅग गेली, माणूस राहिला. सामानाची यादी आणि बसलेल्या प्रवाशांची यादी कोणी समोरासमोर ठेवून ताडून पाहिली असती तर ती बॅग उघडी पडली असती. टोरांटोला सामान तपासण्याचे क्ष-किरण यंत्रही त्या दिवशी बंद पडले होते. काठमांडूला विमान पळविणारे पाचहीजण रीतसर तिकिटे काढून, खोट्या नावांनी, प्रवासी म्हणून चढले होते. त्यांची नावे आणखी चारदा वाचली असती तर ती चारदा जुळली असती. चुकली होती ती शस्त्रांची झडती.

वाणिज्य शाखेच्या मित्रांना यात काही ओळखीचे दिसेल. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेचे प्रकरण बाहेर आले, आकडा १३,००० कोटी रुपयांच्या वर गेला. तेथे सह्यांचा आणि शिक्क्यांचा तुटवडा होता काय? मुळीच नाही. परदेशी बँकांना हमीचे संदेश पाठविणारी यंत्रणा एकीकडे आणि बँकेची रोजची खाती दुसरीकडे, आणि दोन्हींचा मेळ घालण्याची सोय नव्हती. कनिष्क आणि ही बँक यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एकीकडे माणसे मेली, दुसरीकडे पैसा गेला. पण दोन्हीकडे उणीव एकच: एक वही दुसऱ्या वहीशी कोणी लावून पाहिली नाही. तीच वही चारदा वाचल्याने ही उणीव भरून येत नाही.

म्हणूनच माझे म्हणणे असे की तपासण्या किती आहेत हे मोजण्यात अर्थ नाही. प्रत्येक तपासणीने नवा प्रश्न विचारला पाहिजे. या माणसाजवळ शस्त्र आहे काय? हा वेगळा प्रश्न आहे, त्यासाठी मला कितीही वेळ उभे करा. ज्याची बॅग खाली गेली तो वर बसला आहे काय? हाही वेगळा. हा प्रवासी याच विमानाचा आहे काय? वेगळा, आणि त्याला नुसता पास पुरतो. पण ‘तुझे नाव काय आणि तू तोच कशावरून?’ हा एकच प्रश्न दारात, खिडकीशी, दालनाशी आणि फाटकाशी विचारला जातो, आणि चौघांच्या उत्तरांचा मेळ कोणी घालत नाही. दारातल्याने काय पाहिले याची तिसऱ्याला खबर नसते. ही झाली बाकावर बसून तीच चळत मोजणारी मंडळी.

“पण तपासले तर बिघडले कुठे? थोडा वेळ लवकर निघावे!” हे माझ्या वडिलांचे मत आहे आणि पुष्कळ समंजस माणसांचेही असेल. बिघडते ते असे. पहारेकऱ्याचे लक्ष ही काही फुकट आणि न संपणारी वस्तू नव्हे. जी माणसे आणि जे डोळे चौथ्यांदा नाव वाचण्यात खर्ची पडतात ते बॅगा आणि माणसांच्या हालचाली पाहण्याला कमी पडतात. शिवाय रांग हाच एक धोका आहे. २०१६ साली मार्चमध्ये ब्रुसेल्सला आणि जूनमध्ये इस्तंबूलला हल्लेखोरांनी गाठली ती विमाने नव्हेत, विमानतळाच्या इमारतीतली गर्दी. ही उदाहरणे देऊन काहीजण म्हणतात, पाहा, दारातली तपासणी हवीच. हवी तर हवी, पण मग ती बॅगेची हवी. तिकीट काय, पैसे टाकले की कोणालाही मिळते. ज्याला मरायचेच आहे तो तिकिटाच्या पैशांकडे पाहणार आहे काय? आणि कागदावरचे तिकीट खोटे करणे किती सोपे! जुन्या तिकिटावरची तारीख बदलून, बायकोला किंवा मित्राला निरोप द्यायला आत शिरलेले आणि मग पकडले गेलेले महाभाग वर्तमानपत्रांत अधूनमधून भेटतातच. दारातल्या तपासणीने ते अडले नाहीत. उलट त्या तपासणीमुळे दाराबाहेर उन्हात जी गर्दी साचते तिची बॅग कोणी पाहिलेली नसते.

मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव होता तेव्हा देशातल्या साऱ्या विमानतळांवर शिडीपाशी दुसऱ्यांदा झडती घेण्याचे हुकूम निघाले आणि प्रवाशांना तीन तास आधी यायला सांगितले गेले. त्याविरुद्ध माझी काहीच तक्रार नाही. एक तर ती झडती होती, नावे वाचणे नव्हते, आणि दुसरे म्हणजे संकटाच्या दिवसात कडी अधिक घट्ट लावायचीच. पण कडी एरवी सैल असते तेव्हाच ती घट्ट केल्याचा उपयोग होतो.

आणि हे काही अशक्य कोटीतले मागणे नव्हे. आपल्याच देशातले उदाहरण सांगते. पूर्वी हातातल्या प्रत्येक पिशवीला कागदी चिठ्ठी बांधायची आणि तपासणीनंतर त्या चिठ्ठीवर शिक्का मारायचा अशी पद्धत होती. चिठ्ठी तुटली किंवा शिक्का राहिला की माणूस शिडीपासून परत. १ एप्रिल २०१७ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद या सात विमानतळांवर ती पद्धत बंद झाली. शिक्क्याऐवजी कॅमेऱ्यांची आणि आतल्या व्यवस्थेची नीट आखणी केली गेली. त्यामुळे आकाश कोसळले नाही. अमेरिकेत इमारतीच्या दारात कोणी काही विचारत नाही. झडतीच्या तोंडाशी एक अधिकारी ओळखपत्र यंत्रात घालतो, ते यंत्र प्रवाशांच्या यादीशी जोडलेले असते, म्हणून बहुतेक ठिकाणी पासही मागत नाहीत. तेथे ओळख एकदाच पाहतात, पण यादीशी लावून पाहतात. इतक्या दूर कशाला, आपल्या लाल बसमध्ये पाहा. जून २०२३ मध्ये शक्ती योजना सुरू झाल्यापासून बायकांना तिकीट शून्य रुपयांचे. कंडक्टर आधारकार्ड पाहतो आणि शून्य तिकीट फाडून देतो. त्यानंतर प्रवासभर ते तिकीट बोलते. दर थांब्याला तो पुन्हा आधारकार्ड मागू लागला तर बस खानापूरला तरी पोहोचेल काय?

सरकारलाही हे कळलेले आहे, आणि त्याचा पुरावा सरकारनेच दिला आहे. १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळूर आणि वाराणसी येथे ‘डिजियात्रा’ सुरू झाली आणि पुढे ती आणखी विमानतळांवर पसरली. मोबाइलमध्ये एकदा आधार आणि चेहरा जुळवून ठेवायचा, मग विमानतळावर कॅमेऱ्यासमोर उभे राहिले की फाटके आपोआप उघडतात, कार्ड काढावे लागत नाही. म्हणजे ओळख एकदाच नीट पटली आणि ती पुढच्या साऱ्यांना कळविली तर पुरेसे आहे, हे तत्त्वतः मान्य झाले आहे. मग ज्याच्याकडे मोबाइल आहे त्याच्यासाठी ‘एकदाच’ आणि ज्याच्याकडे बटवा आहे तिच्यासाठी ‘पाचदा’, हा न्याय कोणता? डिजियात्रा ऐच्छिक आहे असे सांगतात. चेहऱ्याची नोंद आपल्याच मोबाइलमध्ये राहते आणि विमानतळाकडे गेलेली माहिती विमान सुटल्यावर चोवीस तासांत पुसली जाते असेही सांगतात. ते खरे मानले तरी आपला चेहरा यंत्राला द्यायचा की नाही हे ठरविण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि तो हक्क बजावणाऱ्याला लांबची रांग ही शिक्षा असता कामा नये. त्यातून आजीकडे आहे तो बटणांचा मोबाइल. त्याला फार तर हिरवी कळ आणि लाल कळ एवढेच समजते.

कागदाने प्रवास करणाऱ्यांसाठी हेच तत्त्व लावायला मोठा खर्च येऊ नये. ओळख एकाच जागी पाहावी, पण पाहावी ती खरोखर: फोटो आणि चेहरा, निवांत बसून, प्रवाशांची यादी समोर ठेवून. तेथे नाव अडले तर तेथेच निकाल लावावा आणि तो पासावर उमटवावा, म्हणजे पुढच्याला ‘मुझे अपना देखना है’ म्हणावे लागणार नाही. पुढे सर्वांनी पास पाहावा. दारात बॅग पाहावी. आणि एका अक्षराच्या फरकाला किती महत्त्व द्यायचे याचा एकच नियम सगळ्यांना लागू असावा, तो प्रत्येक पहारेकऱ्याच्या मर्जीवर सोडू नये. कर्नाटकात ‘एच’ येतो आणि महाराष्ट्रात जातो, तसे तमिळनाडूत आडनावाऐवजी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर येते. या देशात नावे अशीच लिहिली जाणार.

तोवर काकांना कळविले आहे की आजीचे पुढचे तिकीट ‘एच’ घालून काढावे. मतदार ओळखपत्रातले नाव दुरुस्त करण्याचा अर्जही भरून ठेवला आहे. त्याला पुरावा म्हणून दोन कागद जोडायचे आहेत, आणि त्या दोन्हींवर आजीचे नाव सारखेच असल्याचे अजून मला सापडलेले नाही.